मेंटेनन्सचा वाद

वसंता, तुझ्या तेरवीच्या दिवशी, पंगती उठल्यावर, तुझा नितीन माझ्याजवळ येऊन बसला आणि म्हणाला, "काका, तुम्हीच जिंकले. बाबा हारले." मी हातातला चहा तसाच धरून राहिलो. पोरगा चिडून बोलला नाही, रडतही नव्हता. मॅचचा निकाल सांगावा तसं सांगितलं त्यानं. मग उठला, मागच्या व्हरांड्यात गेला आणि तुझा तो लोखंडी रॉड, वजनाच्या चकत्या, लाकडी बाक, सगळं ओढत नेऊन कंपाउंडच्या भिंतीपाशी टाकलं. सेक्टरच्या व्यायामशाळेतल्या माणसाला त्यानं निरोपही देऊन ठेवला होता, रविवारी दुपारी येऊन घेऊन जा म्हणून.

एकवीस वर्षांचा पोरगा. मिसरूड फुटायच्या आधीपासून रोज सकाळी तुझ्यासोबत घाम गाळणारा. तो आता म्हणतो, ह्याचा काही उपयोग नाही, आणि म्हणतो ते माझ्या शब्दांत म्हणतो, ही खरी पंचाईत. वहिनी मला फाटकापर्यंत सोडायला आल्या. म्हणाल्या, "भावजी, तुमीच बोला त्याच्याशी. तुमचं ऐकते तो." मी मान हलवली आणि स्कूटरला किक मारली. काय बोलणार होतो, माझं मलाच माहीत नव्हतं.

थकलो रे मी. तेरा दिवस एकच गोष्ट सांगून थकलो. दुर्गहून कोणी येतं, चरोद्याहून येतं, साकोलीकडचे तुझे नातेवाईक तर पाळीपाळीनं आले. वहिनींना पुन्हा पुन्हा बोलायला नको लागावं म्हणून मीच सांगत बसलो. सकाळी ड्यूटीवर निघाला होता, खुर्चीवर बसून बूट घालत होता, एक पायात, दुसरा हातात, आणि तसाच मागे टेकला. हॉस्पिटलात नेलं तेव्हा डॉक्टरांनी फक्त मान हलवली. एवढं सांगून झालं की ऐकणाऱ्याची नजर हळूच माझ्या पोटावर येते. तोंडानं कोणी काही म्हणत नाही. पण असा दगडासारखा कसरती माणूस गेला आणि हा ढेरपोट्या इथं बसून चहा पितो, हा हिशेब प्रत्येकाच्या डोळ्यांत दिसतो. मी तरी काय करू, शर्ट जरा सैल करून बसतो.

हे मी पुस्तकी मराठीत लिहून राहिलो, तू असतास तर हसला असतास. आपण दोघं जन्मात कधी असं बोललो नाही. सेक्शनमध्ये हिंदी, साहेबांसमोर मोडकंतोडकं इंग्रजी, आणि एकमेकांशी आपलं मले-तुले. पण कागदावर हात असाच चालतो. चालवून घे.

बाहेरच्यांना आपलं काम कधी कळलं नाही. माझे सासरे शेवटपर्यंत सांगायचे की जावई स्टील प्लांटमध्ये टायपिंग करतात. कोण माणूस कुठल्या शिफ्टला, कोणाची किती रजा उरली, स्टोअरमध्ये कुठलं बेअरिंग कुठल्या रॅकवर पडलं आहे, हे सगळं त्या थंडगार खोलीतल्या मशीनच्या पोटात. ते नीट लावून ठेवायचं, हरवू द्यायचं नाही, आणि हरवलंच तर परत आणायचं. एवढ्यासाठी डेटाबेस सेक्शन, म्हणजे तू, मी आणि साहू. मे महिन्यात बाहेर भिलाई भाजून निघायची आणि आत एसीत साहू आणि मी स्वेटर घालून बसायचो. तुला स्वेटर चालत नसे. अर्ध्या बाह्यांचा शर्ट घालायचास, म्हणजे दंड दिसावेत.

पहिल्या दिवशी तू मला नाव विचारलं नाहीस. वरपासून खालपर्यंत पाहिलंस आणि म्हणालास, "वजन किती हाये?" मला वाटलं, हा मेडिकलचा माणूस. मी सांगितलंही. तू मान हलवून म्हणालास, "जास्त हाये. शनिवारी पाहू."

शनिवार म्हणजे काय ते मग कळलं. आठवड्याची सगळी माहिती टेपांवर उतरवून त्या टेपा लांबच्या दुसऱ्या इमारतीतल्या लोखंडी कपाटात नेऊन ठेवायच्या, म्हणजे इकडे आग लागली तरी तिकडे माहिती शाबूत. टेपा न्यायला जीप मिळायची. तू ती जीप दर शनिवारी परत पाठवायचास. टेपा हातानंच न्यायच्या, मॅग्नेटिक सामान, इंजिनाच्या जवळ गेलं की बिघडते. हे शास्त्र तू कुठून काढलंस ते मला आजपर्यंत कळलेलं नाही, पण साहेबांनी ते मानलं आणि तो नियमच होऊन बसला. मग काय, दोन्ही हातांत टेपांनी भरलेल्या पिशव्या आणि भर दुपारी आपली तिघांची वरात. मधे कडुनिंबाखाली थांबवून तू पिशव्या खांद्यापर्यंत उचलायला लावायचास. सायकलवरून जाणारे कामगार वळून वळून पाहायचे. साहू म्हणायचा, "भैया, ये बैकअप है कि परेड?" तू त्याच्या पिशवीत माझ्या पिशवीतली एक टेप टाकायचास.

परत येताना कँटीनमध्ये मी समोसा घ्यायचो. त्यावरूनही तुझं सुरू व्हायचं. मशीनमध्ये केलेलं काम पक्कं करायचं म्हणजे कमिट, आणि पक्कं व्हायच्या आधी मागे घ्यायचं म्हणजे रोलबॅक, हे आपले रोजचे शब्द. माझा समोसा हातात असेपर्यंत तू म्हणायचास, "अजूनही रोलबॅक करता येते, दिग्या. विचार कर." पहिला घास गेला की, "झालं कमिट." मी म्हणायचो, बाप्पा, माझं पोट हे माझं इंडेक्स आहे, एवढ्या मोठ्या प्लांटात लोकांनी मला शोधायचं कसं. त्या इंडेक्सवर साहू इतका हसला होता की चहा त्याच्या नाकात गेला.

आणि तो टेबलाचा घोळ. सरावाच्या डेटाबेसमध्ये तू आमचं एक गुपचूप टेबल बनवून ठेवलं होतंस. नाव, वजन, पोटाचा घेर, किती उचलू शकतो. माझ्या नावापुढे उचलण्याच्या रकान्यात तू 'फक्त स्वतःला' असं भरलं होतंस. नंतर एकदा सरावातली सगळी नवीन टेबलं खऱ्या डेटाबेसमध्ये न्यायची होती, आणि साहूनं प्रामाणिकपणे सगळी म्हणजे सगळी नेली. महिनाअखेरचा रिपोर्ट छापून चीफसाहेबांच्या टेबलावर गेला, आणि त्यात स्टोअरच्या मालाच्या पाठोपाठ, कडेला भोकं असलेल्या लांबरुंद कागदावर, माझं पोट. साहेबांनी तुला बोलावलं. साहू खुर्चीत बसून हनुमानाचं नाव घेत होता. तू बाहेर आलास तो चेहरा पाडून. आम्ही विचारलं, मेमो मिळाला का. तू म्हणालास, "साहब पूछ रहे थे, इसमें मेरा नाम क्यों नहीं है." पुढच्या शनिवारी चीफसाहेब टाय सोडून आपल्या वरातीत आले, अर्ध्या वाटेत दम लागला आणि परत फिरले. पण आले, हे तू वर्षभर सगळ्यांना सांगत होतास.

मेंटेनन्सचा वाद त्याच्याही आधीचा. मशीनवाल्यांचा इंजिनिअर दर महिन्याला यायचा, चांगलं धडधडीत चालणारं मशीन उघडायचा, पुसायचा, फुंकर मारायचा, बंद करून जायचा, आणि दुसऱ्या दिवशी ते हमखास बसायचं. एकदा असंच बसलं तेव्हा मी म्हणालो, "पाह्य वसंता, ज्याचं मेंटेनन्स जास्त, तेच मशीन पयले बंद पडते. म्हणून मी माह्या मशीनले हात लावत नाही." तू टर्मिनलवरून मान न उचलता म्हणालास, "तुहं मशीन बंदच हाये. नुसता पंखा फिरून राहिला."

झालं, तेव्हापासून ते वाक्य माझं होऊन बसलं. तुझ्याकडे जेवायला आलो की पाटावर बसल्या बसल्या मी ते म्हणायचो. छोटा नितीन खिदळायचा, वहिनी तोंडाला पदर लावायच्या. पुढे पुढे तर तोच मला म्हणायचा, काका, ते मशीनचं सांगा ना. तू मात्र त्यावर खरोखरचा वाद घालायचास. मी गंमत करतो आहे हे तुला कळायचं आणि तरी तुझा आवाज चढायचा. रोज जपलं तर शरीर टिकते, म्हणायचास. मी म्हणायचो, जे लिहून आणलं ते पुसता येत नाही. तू म्हणायचास, "पुसता नाही येत, पण वरून दुसरं लिहिता येते. कोशिश तं कर." इतक्या कळकळीनं म्हणायचास की मला वाटायचं, ह्याला माझ्या पोटाचा एवढा जिव्हाळा कावून? मी कधी विचारलं नाही, तू कधी सांगितलं नाहीस, आणि ताटात पुढची पोळी पडायची.

कुम्हारीला साहूच्या घरी बारशाला गेलो होतो तेव्हाचं आठवतं? साहूची आई प्रत्येकाच्या पानात हातानं तूप वाढत होती. तुझ्याजवळ आली आणि तू पानावर आडवा हात धरलास. म्हातारी थांबली. "घर के गाय के आय बेटा," म्हणाली. तू हात जोडलेस, म्हणालास, व्रत आहे माझं. मी पलीकडून ओरडलो की ह्याचं दंडाचं व्रत आहे, दंडावर चरबी चढेल. सगळी पंगत हसली, तूही हसलास. म्हातारीनं तूप माझ्या पानात वाढलं, दोघांच्या वाटचं. हाताचा तो आडवा पंजा आता डोळ्यांसमोरून जात नाही.

तुला नेलं त्या दिवशी पुढच्या बाजूला नितीन आणि मी होतो, मागे साहू आणि तुझा साळा. घरापासून रस्त्यापर्यंतच चालायचं होतं, पुढे गाडी होती. तेवढ्यात माझा खांदा भरून आला. मागून साहू हळूच म्हणाला, "भैया अब्बड भारी हे." आणि मग रडायलाच लागला. नितीनच्या चेहऱ्यावर मात्र काही नव्हतं. तो फक्त माझ्या बाजूचा भार आपल्याकडे ओढून घेत होता.

तेरवीच्या दुसऱ्या दिवशी मी आलो तो नितीनशी बोलायला, पण तो घरी नव्हता. समोरच्या व्हरांड्यात तुझी आई तांदूळ निवडत बसली होती. मी तिच्याजवळ टेकलो. मीही तिला तुझ्यासारखं बाईच म्हणतो, आणि बाई कधी जास्त बोलत नाही, तुला माहीत आहे. मी आपलं बोलायचं म्हणून बोललो, की बाई, वसंतानं एवढं शरीर कमावलं, पण देवानं काही दिवस दिले नाहीत. बाईनं सुपातून मान वर केली.

"दिले नाहीत कसे म्हणतोस गा? आमच्या घरातला चाळिशी पाह्यणारा हा पयलाच माणूस."

मला समजलं नाही. बाईनं मग सांगितलं, तांदळातले खडे काढत काढत, जसं काही दुसऱ्याच्या घरचं सांगते आहे. "याचा बाप वावरात बसल्या बसल्या गेला, चाळिशीच्या लय आधी. आजा त्याच्याहून लहान. एक काका होता, त्यानं तं आपल्या पोराचं तोंडबी पाह्यलं नाही. हा कॉलेजात होता तवा याले नागपूरले मोठ्या डॉक्टरकडे नेलं. त्यानं रक्त तपासलं, म्हणे, तुमच्या घरच्या माणसाच्या रक्तात जन्मापासूनच चरबी हाये. तुपातेलाले शिवू नोको, अंग हालतं ठेव, पुढं देवाची मर्जी. त्या दिवसापासून यानं तूप सोडलं. अन् तो रॉड आणला."

मी म्हणालो, "बाई, मले कधी बोलला नाही हा."

"कोणालेच नाही बोलला. सुनेले माहीत होतं. चाळीस झाली तवा मी देवाले नारळ फोडलं. मंग दरसाल फोडत गेली. हा म्हणे, बाई आता पुरे, देव कंटाळला असंल." सुपात बोटं फिरवत बाई जरा हसली. "मले येवढी आस नव्हती गा. येवढे दिवस दिले त्यानं मले."

नितीनला माहीत आहे का, मी विचारलं. बाईनं मान हलवली. "वसंत म्हणे, पोट्ट्याच्या डोक्यात आतापासून घड्याळ नोको बसवू. कसरत करते, तूप खात नाही, बस झालं. तिशी आली की मीच सांगतो, म्हणे."

तिशी आली की. ऐकलंस? मी व्हरांड्यातून उठलो आणि स्कूटर न घेता तसाच चालत सुटलो. सिव्हिक सेंटरपर्यंत गेलो असेन. मला तुझा राग आला होता, वसंता, खरं सांगतो. मेल्या माणसावर रागावू नये म्हणतात, पण मला आला. इतकी वर्षं आपण वाद घातला आणि सगळे पत्ते तू पोटाशी धरून बसलेला. मी आपला बापडा विनोद करतो आहे, मशीनला हात लावत नाही म्हणतो आहे, तुझ्याच घरी, तुझ्याच ताटावर, आणि तू तिथं रोज सकाळी आपल्या बापाच्या वयाशी झुंजून आलेला. एकदा, फक्त एकदा, कडुनिंबाखाली पिशव्या खाली ठेवून म्हणायचं होतंस, दिग्या, असं असं आहे. मी हसलो असतो का? मी इतका वाईट माणूस होतो का रे? मग वाटलं, नाही, तुला दया नको होती. तुला वाद हवा होता. मी सोडून दुसऱ्या कोणी तो इतकी वर्षं घातला नसता. पण हे माझं मीच समजून घेतलेलं, तू काही सांगून गेला नाहीस, त्यामुळे रागही पुरता गेलेला नाही.

वहिनींना विचारून शनिवारी मी नितीनला सांगितलं. बाकावर बसवून, नीट, सगळं. त्याचा आजा, पणजा, तुझ्या तुपाचं काय होतं ते, नागपूरचा डॉक्टर काय म्हणाला ते. म्हटलं, बाबा, हे तुझ्याही रक्तात असू शकते, उद्याच्या उद्या तपासून घेऊ, आणि तो रॉड देऊ नोको. तो ऐकत होता. मग म्हणाला, "म्हणजे काका, बाबांना माहीत होतं, त्यांनी जन्मभर जीव मारला, सणावाराला पण कोरडं खाल्लं, और फिर भी गए ना? मग तर तुमचंच पक्कं खरं. जे मशीन जास्त मेंटेन करतात तेच बंद पडतं." मी म्हणालो, ती गंमत होती रे. तो म्हणाला, "गंमत नाही, बराबर बोलत होते तुम्ही." तपासणीला नाही म्हणाला. डॉक्टर जे सांगणार ते तर आताच कळलं, म्हणे, मग जायचं कशाला. आणि उठून गेला.

घरी आलो. आमच्या हिनं विचारलं, जमलं का. मी म्हणालो, नाही, आणि जेवलो नाही. इतकं दमल्यासारखं मला तुझ्या जाण्याच्या दिवशीही वाटलं नव्हतं. मी बोलण्यात कधी कोणाला हार गेलो नाही, तू साक्षीदार आहेस, आणि एका पोराला जगायला लाव म्हटलं तर मला एक धड वाक्य सापडेना. जे जे मी बोलायला जायचो त्याला उत्तर म्हणून माझंच वाक्य समोर उभं राहायचं.

आज रविवार. सकाळी उजाडल्यावर मी तुमच्या क्वार्टरवर गेलो. पुढच्या दारानं नाही, मागच्या फाटकानं. नितीन नळापाशी दात घासत होता. माझ्याकडे पाहून त्याच्या कपाळावर आठी आली, त्याला वाटलं, पुन्हा भाषण. मी सरळ भिंतीपाशी गेलो, त्या ढिगाऱ्यातून तुझा रॉड ओढून काढला, दोन्हीकडे एकेक चकती चढवली. त्या नीट बसल्या नाहीत, एक वाकडीच राहिली. सदऱ्याच्या बाह्या वर केल्या आणि वाकलो. जन्मात पहिल्यांदा, वसंता. तू असताना इतक्या वेळा म्हणालास, नुसता हात तर लाव, आणि मी हात लावला नाही.

"काका, ठेवा ते."

मी म्हणालो, "कावून?"

"कमर जाईल तुमची."

"जाऊ दे. तशीही कोणाच्या कामाची हाये ती?" मी ओढ दिली. रॉड जमिनीपासून जरासा सुटला आणि माझ्या तोंडातून असा काही आवाज निघाला की शेजारच्या क्वार्टरमधल्या बाईनं भिंतीवरून डोकावून पाहिलं. रॉड धाडकन खाली. मी पुन्हा वाकलो. डोळ्यांपुढे काजवे चमकत होते, पण मी ठरवूनच आलो होतो. बोलून होत नाही तर असं तरी.

ब्रश तोंडातच धरून नितीन आला. मला वाटलं, रॉड हिसकावून घेईल. त्यानं रॉडला हात लावला नाही. वाकडी चकती सरळ केली, पेच आवळला. मग माझ्या समोर खाली बसला आणि माझा एक पाय धरून बाजूला सरकवला, मग दुसरा. उठून माझ्या पाठीवर तळहात टेकवला आणि दाबला. तोंडातला फेस थुंकून म्हणाला, "पाठ सरळ. कमरेतून नाही, गुडघ्यातून. खाली नका पाहू, समोर पाहा." त्याचा हात पाठीवरच होता. तेरा दिवसांत जे आलं नव्हतं ते पोराच्या डोळ्यांतून आता आलं, घळाघळा. पुसायला त्यानं हात काढला नाही. मी समोर पाहत राहिलो, आणि रॉड गुडघ्यापर्यंत आला. तिथंच थांबला. पुढे काही गेला नाही, आणि गेला असता तर मीच वर गेलो असतो.

खाली ठेवल्यावर आम्ही दोघं बाकावर बसलो. मला बोलता येईना इतका दम लागला होता. नितीन माझ्याकडे पाहत होता, जरा घाबरूनच. मग म्हणाला, "काका, तुम्ही आधी स्वतःला दाखवा डॉक्टरला. हे काही ठीक नाही."

मी म्हणालो, "तू आला तर जातो."

त्यानं चकतीचा पेच पुन्हा आवळला. मग म्हणाला, "उद्या जाऊ. दोघं." आणि उठून आत गेला. दुपारी व्यायामशाळेचा माणूस हातगाडी घेऊन आला तेव्हा मी कण्हत त्याच बाकावर बसून होतो. नितीननं त्याला फाटकातूनच परत पाठवलं. काय सांगितलं ते मला ऐकू आलं नाही.

घरी येऊन हे लिहायला बसलो. कंबर धरली आहे, हिनं शेकायला गरम विटा दिल्या आहेत आणि हसते आहे. वसंता, मी हरलो. तुझंच खरं होतं. बाप्पा, मले आधी सांगितलं असतंस, तर मी कधीचाच हरलो असतो.